पिवळ्या पट्ट्यांची वाट

“पुन्हा वाट चुकले पाहुणे,” फोन ठेवून मावशी मटकन खाली बसली. “उद्या वनखात्याचे साहेब येऊन वाटच बंद करणार. मग माझ्या खोल्यांत राहायला कोण येणार, पाली आणि झुरळं?”

मावशीकडेच वाढलेल्या ताईचं डोकंच फिरलं. डोंगर तरी कसले, टेकड्यांचे थोरले भाऊ! माथ्यापर्यंत गर्द झाडी, पानांची गादी, वळणावळणाला झरे. लोकांना हेच आवडायचं. पण एकही सुळका नाही आणि खाली उतरणाऱ्या डोंगराच्या सगळ्या सोंडा सारख्याच. म्हणून तर साहेबांनी झाडांवर पिवळे पट्टे मारले होते. तरी लोक चुकत होते, तेही नेहमी उतरतानाच.

धाकट्या भावाला, ढोल्याला, ओढत ती माथ्यावर गेली. चढताना पट्टे ठळक दिसत होते. परत वळली, तर एकही नाही.

“पट्टे गेले कुठे?” ढोल्या रडकुंडीला आला.

ताई झाडाला वळसा घालून खालच्या अंगाला गेली. पट्टा तिथेच होता. प्रत्येक झाडाचं तेच. मग काय, दोघं दर झाडाशी माना मागे वळवत घरी पोहोचली.

“मावशी, साहेब रंगवून झाल्यावर उतरतात कुठून?”

“उतरतात कसले! माथ्यावर पलीकडून रस्ता येतो, तिथे जीप बोलावतात.”

सकाळी साहेब ऐकूनच घेईनात. “लोक बेफिकीर आहेत. मला शिकवू नका.”

“नाही शिकवत,” ताई दात आवळून म्हणाली. “फक्त आमच्याबरोबर एकदा माथ्यावर चला.”

वर पोहोचताच ती बाजूला झाली. “आता खाली तुम्ही पुढे.”

साहेब ऐटीत निघाले, पहिल्याच फाट्यावर भलत्या सोंडेला लागले आणि गुडघाभर चिखलात रुतले. “इथे पट्टा हवा होता,” ते पुटपुटले. ताईने त्यांना फाट्यावर परत आणलं आणि झाडामागे उभं केलं. पट्टा बघून साहेबांनी ‘वाट बंद’ लिहायला आणलेला रंगाचा डबा उघडला.

उरलेली सगळी वाट ते झाडांची दुसरी बाजू रंगवत उतरले.

“वाट चालू राहील,” दारात येऊन ते म्हणाले. “पोरं हुशार आहेत तुमची.”

“ते ठाऊक आहे मला. काळजी तुमचीच होती,” मावशी फणकारली. मग तिचे डोळे भरून आले. गुंडाळून ठेवलेल्या गाद्या ती पुन्हा पसरू लागली, आणि ताईने दुसरं टोक धरलं.