बाराच्या बॅटरीवर छत्तीस व्होल्ट

गुरुग्रामच्या त्या कोचिंग क्लासच्या लिफ्टमध्ये एक उंच तरुण डोळे मिटून पुटपुटत होता, "देवा, आजचा दिवस निभावून ने..." – आणि तेही चक्क मराठीत! उल्काला हसू आवरेना. डेमो द्यायला आलात का, असं तिनं विचारलं. त्यानं डोळे उघडले आणि तिच्याकडे बघतच राहिला.

त्याचं नाव श्रीरंग. फिजिक्स शिकवायची एकच जागा होती आणि दोघंही तिच्यासाठीच आले होते. उल्काला ती हवीच होती. बाबा सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, महिनाअखेरीस बिऱ्हाड पुण्याला हलणार. नोकरी लागली तरच तिला दिल्लीत राहू देणार होते, आणि दिल्ली सोडायची तिची बिल्कुल तयारी नव्हती.

तिथली पद्धत अशी, की एका उमेदवारानं शिकवायचं, बाकीच्यांनी विद्यार्थी होऊन समोर बसायचं. क्लासचे मोठे सर मागच्या बाकावरून मार्क देणार. उल्काचा डेमो झकास झाला. मग श्रीरंग उठला. काय गोड शिकवत होता, ऐकत राहावं नुसतं! बारा व्होल्टची बॅटरी, सिरीजमध्ये दोन कपॅसिटर, एक सहा मायक्रोफॅरडचा, दुसरा तीनचा... आणि इथं गडी घसरला. रेझिस्टरची करतात तशी सरळ बेरीज करून त्यानं फळ्यावर लिहिलं – नऊ. म्हणून चार्ज एकशे आठ.

उल्का गप्प बसली असती, तर जागा तिच्या खिशात होती. पण त्याचा पडलेला चेहरा तिला बघवला नसता, दुसरं काय! तिनं हात वर केला.

"सर, सिरीजमध्ये दोघांवर चार्ज सारखाच ना? मग तीनवाल्यावर छत्तीस व्होल्ट येतात. बॅटरी तर बाराची आहे."

तो थबकला, मग हसत फळा पुसला. सिरीजमध्ये व्यस्तांची बेरीज, म्हणजे कपॅसिटन्स दोन आणि चार्ज चोवीस. सहावर चार व्होल्ट, तीनवर आठ, मिळून बारा. नऊ येतात ते पॅरललमध्ये, हेही त्यानं झोकात समजावलं.

मोठे सर बेहद्द खूश. मुद्दाम चूक करून ती वर्गाकडून पकडवून घेतलीत, वा, जागा तुमचीच, असं ते म्हणाले.

श्रीरंगनं मात्र शांतपणे सांगून टाकलं, की चूक खरीच होती, यांनी सावरलं. सरांनी चष्म्यावरून दोघांकडे नीट पाहिलं आणि नेमणुकीचं पत्र उल्काच्या नावानं काढायला सांगितलं.

बाहेर पडल्या पडल्या ती त्याच्यावर उखडली. "हातातली नोकरी घालवलीत. गप्प बसता आलं नाही?"

"तुम्हाला तरी कुठे आलं?"

मग तिनं सरळ सांगून टाकलं, "मला तुम्ही आवडलात."

त्याचे कान लालेलाल झाले. "मलाही... म्हणजे, फारच."

झालं तर मग! तिनं तिथल्या तिथे घरी फोन लावला.

"बाबा, नोकरी मिळाली, मी दिल्लीतच राहतेय. आणि आईला सांगा, आज जेवायला एकजण जास्त आहे."