आजोबांचं काळं रबर

जाड दोर तुटलाच कसा? होडी फुटून आठवडा झाला, तरी हा प्रश्न हेमांगीच्या डोक्यातून जाईना. होडी आजोबांची. ते गेल्या हिवाळ्यात वारले. नारळीपौर्णिमेला होडी पाण्यात उतरवायची म्हणून हिनं ती घासूनपुसून लख्ख केली, धक्क्याला बांधायचा दोरही नवा आणि चांगला जाडजूड लावला. आणि होडी उतरवल्यावर आलेल्या वादळात नेमका तोच तुटला! होडी दगडांवर आपटली. पोरीला घास गोड लागेना.

धक्क्यावर लाटा मोजणारा एक यंत्रमानव होता. तिरका चालायचा, म्हणून सगळे त्याला खेकडा म्हणत. हेमांगीनं त्यालाच गाठलं.

"जुन्या दोराला आणखी काही होतं?" खेकड्यानं विचारलं.

"एक काळं रबर. आजोबांनी दोराचे वेढे त्याच्यावर घेतले होते. घाणेरडं दिसायचं, मी काढून टाकलं."

खेकडा म्हणाला, "झेल कसा घेतेस?"

"हात मागे नेत. नाहीतर चेंडू सणकून लागतो."

"तसंच हे. लाटेनं ढकललेली होडी दोराला थांबवायची असते. दोर ताठ असेल, तर ती एकदम थांबते आणि दोराला आघात (क्षणात बसणारा जबर झटका) बसतो. रबरात स्थितिस्थापकता (ताणलं की लांबायचं, सोडलं की मूळ आकारात यायचं) असते. ते लांबतं, होडी हळूहळू थांबते, झटका कमी होतो. तुझा दोर जाड होता, पण झेल घेणारे हातच गेले होते."

"म्हणजे माझ्यामुळे फुटली?"

"हो." खेकड्याला खोटं बोलता येत नसे.

हेमांगी रडत घरी गेली. बाबा फुटक्या फळ्या रचत होते. तिनं सगळं सांगून टाकलं.

बाबा खाली बसले. "अगं, ते रबर मी लहानपणापासून बघतोय. 'हे कशाला?' असं तुझ्या आजोबांना एकदाही विचारलं नाही. आता विचारायचं कुणाला?"

जाळ्यांच्या खोलीत टाकलेलं रबर तिनं शोधून धक्क्यावर आणलं. खेकडा म्हणाला, "भेगा पडल्यात, आता नवंच हवं." पण रबरावर दोराचे तीन वळ स्पष्ट होते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या कमळीकाकूंच्या होडीच्या दोराला हेमांगीनं नवं रबर लावलं. जुन्या वळांकडे बघत बघत मोजून तीन वेढे घेतले. लाट आली. होडीनं ओढ घेतली, रबर लांबलं, पुन्हा हळूच जागेवर आलं.

"आपली नवी होडी झाली की दोर तूच बांधायचा," बाबा म्हणाले.

हेमांगीनं मान डोलावली. जुनं रबर तिनं अजून हातातच धरलं होतं.