भाजणीतल्या पाटल्या

"मंजू, माझ्या पाटल्या गेल्या गं! आणि कुशल त्या श्रुतीला घराबाहेर काढतोय. तू आधी ये बघू."

शामलामावशीचा फोन येताच मंजूषा हूफडॉर्पहून निघाली. जवळच्याच डच शहरात, झूटरमेरला, कुशलच्या दारात श्रुतीची सुटकेस उभी होती आणि तिच्याशेजारी श्रुती. डेल्फ्टला शिकणारी ही पोर कुशलच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायची. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

आत मासळीचा वास. टेबलावर कॅव्हिअरची बरणी उघडी होती आणि टीव्हीवर कुशल आणि त्याची बायको ऋता यांच्या सेंट पीटर्सबर्गच्या सहलीचे फोटो. आईचं सोनं गेलंय आणि हा पठ्ठ्या माशाची अंडी चाटत बसलाय! मंजूषाला शिसारी आली. ऑफिसात लोकांची प्रवासखर्चाची खोटी बिलं पकडणं हे तिचं कामच होतं, पण आपल्या मावसभावाकडे तिने कधी तसं पाहिलं नव्हतं.

"मावशी, पाटल्या कुठे होत्या?"

"भाजणीच्या डब्यात, तळाशी. माझी आईसुद्धा तिथेच ठेवायची. चोर काय थालीपीठ लावायला येणार आहे? आज हात घालून चाचपलं, तर काहीच नाही."

"आठवडाभर तू माझ्याकडे होतीस. कुशल-ऋता रशियात. म्हणजे घरात..."

"फक्त ही!" कुशल म्हणाला. "आता युनिव्हर्सिटीला कळवतो. हिचं शिक्षणच बंद करतो."

"ताई, शप्पथ सांगते, मी त्या डब्याला हातही लावला नाही," श्रुती म्हणाली.

मंजूषाने डबा उघडला. चिमूटभर पीठ चोळलं, हुंगलं आणि झाकण लावून टाकलं.

"बरं, सहल कशी झाली रे?"

कुशल खुलला. "झकास! राजवाडा बघितला, सोन्याच्या कळसांची चर्चेस, नेवा नदीत बोट. आणि जेवण तर विचारूच नकोस. बकव्हीटच्या, म्हणजे आपल्या कुट्टूच्या पिठाचे ब्लिनी, त्यांची धिरडीच ती, त्यावर कॅव्हिअर, स्टर्जन मासा... शेवटचे तीन दिवस राजासारखे जेवलो."

"शेवटचेच का?"

"आधी पंचाईत झाली ना. आपली कार्डं तिथे चालत नाहीत. रोकड दुसऱ्याच दिवशी संपत आली."

"मग?"

"मग... एक मित्र भेटला. त्याने दिले."

"ऋता, तू तर अंडंही खात नाहीस. तू काय खाल्लंस?"

ऋताने मान खाली घातली. "पाव-लोणी," उत्तर कुशलने दिलं.

"मगाचा फोटो परत लाव. तो स्वयंपाकघराचा."

भाड्याच्या फ्लॅटची ओट्यामागची खिडकी, खिडकीबाहेर सोनेरी कळस. शेगडीवर तवा. तव्यात काहीतरी गोल, जाडसर, मध्ये बोटाने पाडलेली भोकं.

"हे काय?"

"रशियन भाकरी."

"भोकं पाडून तेल सोडलेली? अरे, थापा मारायच्या तर निदान थालीपीठ खाणाऱ्यांना तरी मारू नकोस! ऋताच्या पोटासाठी तू हा डबा बरोबर नेलास. पीठ काढताना पाटल्या हाताला लागल्या. रोकड संपली होती, जिभेला पाणी सुटलं होतं. विकल्यास. भाजणी संपल्यावर रिकामा डबा दिसू नये म्हणून तिथलंच पीठ भरलंस. मावशी, हुंगून बघ. याला धण्याचा वास आहे का? हे बकव्हीट आहे."

मावशीने हुंगलं. तिचा चेहरा उतरला.

"ते इथेही मिळतं! हिनेच भरलं असेल!" कुशल ओरडला.

"आणि ते थालीपीठ? तेही हिनेच पीटर्सबर्गला जाऊन थापलं का?"

ऋता हुंदके देऊ लागली.

"मी म्हणत होते, आईंना खरं सांगू या. तर म्हणाला, श्रुती एकटीच घरात आहे, आळ तिच्यावरच जाईल. आणि मी... मीही गप्प बसले."

"शी!" मंजूषाच्या तोंडून एवढंच निघालं. चोरी एक वेळ समजली असती. पण तिचा आळ त्या पोरीवर?

मावशी उठली. श्रुतीची सुटकेस तिने स्वतः ओढत आत आणली. "जा बाळ, वर ठेव. तू कुठेही जायचं नाहीस."

मग तिने कॅव्हिअरची बरणी कुशलसमोर सरकवली आणि चमचा त्याच्या हातात दिला.

"खा. माझ्या आईच्या हातातल्या होत्या त्या. एक दाणाही टाकायचा नाही. तुझं खाऊन होईस्तोवर मी इथेच बसते."