शीतगृहातले मऊ चिकू

आशागडच्या शीतगृहात खोकं उघडलं आणि बागायतदार संघाचे अध्यक्ष दर्शन सावे एकेक फळ दाबून बघू लागले. थंडीत जपून ठेवलेले चिकू बोट लावताच फुटत होते.

"दुपारी दिल्लीचे अधिकारी येताहेत," ते सुधा चुरीला म्हणाले. "परदेशाशी करार होतोय. चिकूची एकच मागणी पुढे जाणार. ताजं फळ जहाजात टिकतं हे दाखवलं तर आमची, ताज्या चिकूला तिकडचं दार उघडायची. नाहीतर कारखानदारांची, पावडरीवरचा तिकडचा कर कमी करायची."

खासगी तपास करणाऱ्या सुधानं एक फळ उचललं. देठाशी चीक सुकला होता. त्यात तांदळाचा दाणा अडकला होता.

"कुणाच्या डब्यातला भात सांडला असेल," विष्णूमामा म्हणाले. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून ते भाचीबरोबर हिंडायचे. आता त्यांचे पाय एका जागी ठरत नव्हते. अधिकाऱ्यांची गाडी दिसते का म्हणून ते सारखे रस्त्याकडे बघत होते.

"शिजलेला नाहीये, मामा. दर्शनभाऊ, फळं धुतली होती?"

"दोनदा. चिकाचा टिपूस ठेवत नाही आम्ही."

"चाव्या?"

"माझ्याकडे, नितीनकडे आणि चिटणीस नीलमताईंकडे. मी आठवडाभर दिल्लीत होतो, आज सकाळी उतरलो."

मशीन सांभाळणारा नितीन भडकलेलाच होता. "मशीन बंद पडलं नाही, मॅडम! परवा मी खोकं उघडून बघितलं, दगड होते दगड. मी डहाणू रोडला लॉजवर राहतो, खानावळीत जेवतो. चिकू तर मला डोळ्यांसमोर नको."

सरावलीला चिकू पावडरीच्या कारखान्यात मालक शैलेश शाह हसत उभे होते. मागे पिकलेल्या चिकूंचे क्रेट छतापर्यंत.

"फायदा माझाच आहे, बेन. पण चावी कुठाय माझ्याकडे?"

"दात काढतोय बघ!" बाहेर येताच मामा म्हणाले. "हाच."

नीलमताईंनी आपल्या घराच्या ओट्यावर चहा दिला. "माझ्या चार नव्या झाडांचे चिकू संघात जातात, पण जुन्या झाडांचे बारीक चिकू संघाच्या मापात बसतच नाहीत. ते शैलेशभाईच घेतात."

सुधानं सगळ्यांना शीतगृहात बोलावलं.

"फळं नासली नाहीत, कुणीतरी बदलली. धुतलेल्या फळाला चीक नसतो. ही झाडावरून काढून थेट तांदळात पुरली, घरोघरी पिकवतात तशी."

"आमची हीसुद्धा असंच करायची," मामा पुटपुटले. "आणि मला सुचलं नाही."

"शैलेशभाईंकडे ढिगानं पिकलेला माल. त्यांना तांदूळ कशाला? नितीनकडे स्वयंपाकघरच नाही. परवा फळं कडक होती, म्हणजे बदलली त्यानंतर. आणि ही तांदळात पिकत होती तेव्हा दर्शनभाऊ दिल्लीत. उरल्या तुम्ही, ताई."

नीलमताईंनी मान खाली घातली नाही.

"हो, मीच. मागणी कोणती करायची हे तुम्ही मोठ्या बागवाल्यांनी ठरवलंत, दर्शनभाऊ. मोठा माल बाहेर गेला की कारखान्याला पुरणार नाही, तो बंद पडणार. मग आमचा बारीक माल कोण घेणार? कुणी विचारलं?"

शैलेशभाईंचं हसू मावळलं होतं.

"खरे चिकू कुठे आहेत?" सुधानं विचारलं.

"शेजारीच, माझ्या घरी. अजून कडक आहेत. फेकवले नाहीत."

"गाडी फाट्यावर वळली!" मामा दारातून ओरडले.

"आणा ना, ताई," दर्शन हात जोडून म्हणाले.

"आणते. पण साहेबांसमोर मी बसणार. बोलणार पण."

दर्शननी त्यांना वाट करून दिली.

"बसा," ते म्हणाले. "काय बोलायचं ते बोला. पण आधी पळा."