तहानलेली कुऱ्हाड

"सहा!" मयुराने सहावं बोट दुमडलं.

ठक्!

"सात. आता थांबेल बघ."

आणि खरंच थांबलं. कैनाड गावातली भर दुपार. जेवणं उरकून घरातली झाडून सगळी माणसं आडवी झाली होती. चिकूच्या वाडीत पान हलत नव्हतं. सावल्यासुद्धा ऊन लागेल म्हणून बुंध्यांना चिकटून बसल्या होत्या. त्या शांततेत वाडीच्या टोकाकडून अगदी हलकेच आवाज आला, टुक, टुक, टुक.

दहा वर्षांच्या ऋषभने चादर नाकापर्यंत ओढली. "ताई, ते दार वाजवतंय!"

"वाडीत दार कुठून आलं रे, शहाण्या?" मयुरा म्हणाली खरी, पण तिच्याही मानेवर काटा आला होता.

दोघं भावंडं डहाणूहून आजोळी, आबाआजोबांकडे आली होती ती नूतनमावशीच्या लग्नाला. लग्न पाच दिवसांवर आलं होतं, पण घरात मांडवापेक्षा भुताचीच चर्चा जास्त! भूत होतं हिरूआजाचं. या वाडीत त्याने चाळीस वर्षं लाकडं फोडली आणि मागच्या वैशाखात तापाने फणफणून "पाणी, पाणी" करत गेला. त्याची जुनी कुऱ्हाड अजून शेडमध्ये खिळ्याला टांगलेली होती. गेला आठवडाभर ती रोज सकाळी ओलीचिंब सापडत होती! पात्यावरून टप टप पाणी! आणि रोज दुपारी वाडीच्या टोकाला हे ठक्, ठक्!

"तहानलेला गेला बिचारा," येणारं जाणारं प्रत्येक माणूस चहा पिता पिता सांगे. "पहाटेपर्यंत पाणी पितो आणि दुपारी कामाला लागतो." यांतल्या किती जणांनी हिरूला जिवंतपणी एक कप चहा विचारला होता? मयुराने हिशोब केला. एकानेही नाही.

बेफिकीर होता तो फक्त जतीनमामा. मुंबईच्या या मामाने ऑनलाइन कुऱ्हाड मागवली होती. लाल दांडा, आरशासारखं चकचकीत पातं! "लग्नाच्या चुलीची सगळी लाकडं मी एकटा फोडणार! पहाटे उठून! हिरूच्या सुक्याला बोलवायची गरजच नाही!" आणि फोडलेल्या लाकडांचा ढीग रोज वाढत होता, हेही खरं. "दुपारी मात्र तिकडे फिरकू नका हं," मामा डोळे मोठे करून बजावायचा. "मी पाहिलंय त्याला. धड आहे, डोकं नाही!"

त्या दिवशी उन्हं कलली तशी दक्षा आली. सुक्याकाकाची मुलगी, हिरूआजाची नात. तलासरीच्या आश्रमशाळेतून सुट्टीला घरी आलेली आणि मयुराची दोन सुट्ट्यांपासूनची मैत्रीण. तिचे डोळे लाल झाले होते.

"आबांनी सांगितलंय, उद्या संध्याकाळी आजाची कुऱ्हाड डहाणूच्या खाडीत टाकायची. शुभकार्यात नको म्हणे."

"अगं, पण..."

"आमच्याकडे आजाचा एक फोटोसुद्धा नाही, मयुरा. आहे ती तेवढीच. आणि पाड्यावर पोरं मला काय म्हणतात माहितीये? भुताची नात!"

मयुरा उठली. "चल. आधी भुताला भेटून येऊ."

"मी घर राखतो," ऋषभ घाईघाईने म्हणाला. पण एकट्याने घर राखायचं म्हणजे काय, हे ध्यानात येताच तो दोघींच्या पुढे चालू लागला!

पत्र्याची शेड तव्यासारखी तापली होती. कोपऱ्यातल्या अंधारात कुऱ्हाड लटकत होती. काळी आणि जाडजूड. वारा नव्हता, तरी ती किंचित हलल्यासारखी वाटली. ऋषभने दोघींचे हात घट्ट धरले. दक्षाने मात्र पुढे होऊन दांडा हातात घेतला, आणि तिचा चेहराच बदलला.

"पातं डुगडुगतंय! आजाच्या हातात कधी डुगडुगलं नव्हतं."

शेडमागे झुडपात पाण्याने भरलेला प्लास्टिकचा टब सापडला. वाडीच्या टोकाला लाकडांचा ढीग होता आणि त्याला मामाची नवी कुऱ्हाड टेकून ठेवलेली. दक्षा फोडलेली लाकडं उलटसुलट करून पाहू लागली.

"मयुरा, हे नव्या कुऱ्हाडीचं काम नाही. ही झाड तोडायची कुऱ्हाड आहे, पातळ पात्याची. उभ्या लाकडात शिरते आणि तिथेच अडकून बसते. हा ओंडका बघ."

ओंडक्यावर सुरीने कापल्यासारख्या तीन अरुंद फटी होत्या. तडा एकही नव्हता.

"आजाच्या कुऱ्हाडीचं पातं जाड गालाचं आहे. ते आत शिरता शिरता लाकूड दोन्हीकडे रेटतं. हा सगळा ढीग तिनेच फोडलाय."

"म्हणजे भूत मामाची लाकडं फोडून देतंय?" ऋषभने विचारलं.

"आणि भूत आहे की नवशिका?" दक्षा भडकली. "आजा आधी गाठ कुठे आहे ते बघायचा, मग एका घावात दोन फाका! इथे एकेका ओंडक्यावर सात-सात घाव! मेल्यावर माणूस इतकं विसरतो होय?"

मयुरा हसली. मग तिने दोघांच्या कानात काहीतरी सांगितलं. थोड्या वेळाने ढिगाजवळची लाल दांड्याची कुऱ्हाड नाहीशी झाली होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिघं ओसरीवर कान टवकारून बसली. ठक्! ठक्! मग शांतता. मग टुक, टुक, टुक.

दक्षा ताडकन उठली. "ते दार नाही! सैल झालेलं पातं बसवायला दांड्याचं बूड दगडावर ठोकतात, त्याचा आवाज आहे तो! पातं उडेल! कुणाचा तरी जीव जाईल!"

"थांबा! मारू नका!" ओरडत ती धावली. मागोमाग ऋषभ, त्याच्या मागे मयुरा.

ठक्! आणि झाडांतून काहीतरी काळं घोंगावत आलं! दक्षाने ऋषभला खाली ओढलं. ते त्याच्या डोक्यावरून गेलं आणि मागच्या चिकूच्या बुंध्यात खचकन रुतलं. हिरूआजाच्या कुऱ्हाडीचं पातं! बुंध्यातून पांढरा चीक ठिबकू लागला.

मग ढिगाआडून जतीनमामा बाहेर आला. तोंड राखेसारखं झालेलं आणि हात रिकामे.

आरडाओरडा ऐकून आबा आणि घरातले सगळे धावत आले. कुंपणापलीकडच्या शेतातून सुक्याकाकाही आला.

"आबा! मी माझ्या नव्या कुऱ्हाडीने लाकडं फोडत होतो, आणि ही आपोआप उडत आली!" मामा म्हणाला. "हिरूच होता!"

आबांनी कपाळाचा घाम पुसला. "संध्याकाळची वाट कशाला बघायची? आत्ताच्या आत्ता खाडीत टाका ती!"

दक्षाने त्या बुंध्याला मिठी मारली.

"एक मिनिट, आबा," मयुरा शांतपणे म्हणाली. "मामा, तुझी नवी कुऱ्हाड कुठे आहे रे?"

मामाने ढिगाकडे पाहिलं. मग ढिगामागे पाहिलं. "ती... ती भुताने पळवली!"

"पळवली खरी," म्हणत ऋषभ घराकडे धावला आणि लाल दांड्याची कुऱ्हाड घेऊन आला. "कालपासून माझ्या खाटेखाली झोपलीये! पात्यावरचं स्टिकरसुद्धा निघालेलं नाही, बघा!"

आणि दक्षाने झुडपातून हिरूआजाच्या कुऱ्हाडीचा दांडा ओढून काढला. मामाच्या हातांच्या घामाने तो अजून ओला होता.

"जतीन!" आबा गरजले.

मामाचं उसनं अवसान गळून पडलं. "नवी अडकते हो! सगळ्यांसमोर इतकं बोललो होतो. म्हणून मग दुपारी हिरूची घ्यायचो. कुणी बघायला येऊ नये म्हणून भूत..."

"आणि पाणी कशाला?"

"सुक्यानेच सांगितलं होतं! 'हिला पाणी पाजलं की झकास चालते.' म्हणून रोज रात्री टबात बुडवून ठेवायचो आणि पहाटे टांगायचो."

सुक्याकाकाने डोक्याला हात लावला. "जतीनदादा, पाणी लोहार पाजतो! भट्टीत पातं लाल करून, पाण्यात बुडवून, धारेला! तुम्ही दांड्याला पाजलंत. रात्री फुगला, दुपारी पत्र्याखाली सुकून आकसला. पातं नाही उडणार तर काय!"

कुणीतरी हसलं. आबा हसले नाहीत. चीक ठिबकणाऱ्या बुंध्याकडे आणि मग ऋषभच्या डोक्याकडे त्यांनी पाहिलं.

"माझा नातू आज वाचला तो हिरूच्या नातीमुळे," ते म्हणाले. "आणि मी हिरूला भूत ठरवून मोकळा झालो होतो! पोरांनो, आम्हा मोठ्यांना जे सुचलं नाही ते तुम्ही केलंत. शाबास! सुक्या, मला माफ कर. लग्नाची लाकडं तूच फोडायचीस. जतीन वाहून नेईल. एकटा!"

सुक्याकाकाने धामणीच्या चिवट लाकडाचा नवा दांडा तासून बसवला आणि वरून पाचर ठोकली. ओंडका उभा केला, गाठ कुठे आहे ते पाहिलं आणि पाय फाकवून कुऱ्हाड उचलली. ठक्! एक घाव, दोन फाका. मांडवाची माणसंसुद्धा काम सोडून बघत राहिली.

संध्याकाळी आबा म्हणाले, "टांग आता शेडमध्ये. तिचा खिळा आहेच."

दक्षा पुढे झाली. "नको, आबा. ती आता आमच्या घरी राहील. लाकडं फोडायची असली की निरोप पाठवा, आम्ही तिला घेऊन येऊ."

आबांनी कुऱ्हाडीच्या नव्या दांड्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "बरोबर आहे. माणसाची वस्तू त्याच्या घरीच असावी."

दक्षाने कुऱ्हाड खांद्यावर घेतली. तिच्या मानाने ती चांगलीच जड होती, पण मयुराने पुढे केलेला हात तिने घेतला नाही. पाड्याकडच्या रस्त्याने ती मधोमध चालू लागली. सुक्याकाका रिकाम्या हातांनी मागून चालला होता आणि बापाच्या कुऱ्हाडीच्या पुढे एक पाऊलही टाकत नव्हता.