एंजल माशांवरचे पांढरे ठसे

ऊर्जिता दुपारची झोप काढून बाहेरच्या खोलीत आली, तेव्हा काचेच्या टाकीतल्या दुसऱ्या एंजल माशाच्या अंगावरही वाटोळा पांढरा ठसा उमटला होता. पहिला मासा परवाच मेला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना असेच ठसे होते, जणू कुणी रोज तोंड लावून थोडं थोडं पुसून नेत होतं.

पण खोलीत तर कुणीच नव्हतं.

२०५१ सालचा अमरावतीचा उन्हाळा होता. बारा वाजले की सगळं शहर जाड पडदे ओढून अंधारात बसायचं. त्या अंधारात, झोपेत असताना, ऊर्जिताने एक बारीकसा आवाज ऐकला होता. चप्... चप्...

तिचे निरंजन आजोबा मत्स्यशास्त्रज्ञ (माशांचा अभ्यास करणारे) होते. त्यांनी टाकीतलं पाणी तपासलं. पाण्यात दोष नव्हता.

"उद्या भिंगरीला पहाऱ्यावर ठेवू," ते म्हणाले.

भिंगरी म्हणजे अंगठ्याएवढा पोहणारा यंत्रमानव. अवरक्त किरणांमुळे (आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांमुळे) तिला अंधारातही दिसायचं.

दुसऱ्या दिवशी पडदे ओढून आजोबा आणि नात आतल्या खोलीत, भिंगरीला दिसणारं दाखवणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर नजर लावून बसले. बराच वेळ काहीच घडलं नाही. मग भिंगरी हळूच बोलली, "हालचाल. काचेवरून."

काचेवरून एक लांबट सावली सुटली आणि अलगद खाली घसरली.

"हा तर घासू!" ऊर्जिता म्हणाली. काचेवरचं शेवाळ खायला दोन वर्षांपूर्वी तिनेच त्याला आणलं होतं. तेव्हा तो बोटाएवढा होता. काच अशी चकचकीत घासायचा की तिने नावच घासू ठेवलं. आता तो वीतभर झाला होता.

घासू निवांत झोपलेल्या एंजलजवळ गेला. त्याचं गोल तोंड पसरलं आणि माशाच्या चपट्या कुशीला घट्ट चिकटलं. चप्. मासा तडफडला.

ऊर्जिताने धावत जाऊन खिडकीचा पडदा सरकवला. उजेड पडताच घासू काचेला जाऊन चिकटला आणि रोजच्यासारखं शांतपणे तोंड उघडू-मिटू लागला. तिच्या अंगावर काटा आला.

"आजोबा, याला वेड लागलंय का?"

"नाही गं. तो मोठा झालाय. ही जात लहानपणी शेवाळावर जगते, वाढली की तिची चव बदलते. माशांच्या अंगावर श्लेष्मा (बुळबुळीत संरक्षक थर) असतो ना, तो ती ओरबाडून खाते. चपटे, संथ मासे तर आयतेच सापडतात. तो थर गेला की रोगजंतूंना वाट मोकळी."

ऊर्जिताचे डोळे भरून आले. "म्हणजे पहिल्या एंजलला मीच मारलं."

"तुला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं."

"याला नदीत सोडू या?"

"अजिबात नाही! तिथल्या माशांनी तुझं काय घोडं मारलंय? आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मोठी टाकी आहे. तिथे एकटा राहील."

"मग शेवाळ कोण खाणार?"

"आधी सांग, ते येतं कशामुळे? प्रकाशसंश्लेषण (उजेडाच्या मदतीने अन्न तयार करणं) शेवाळही करतं. तुझी टाकी खिडकीपाशी आहे, पडदे ओढेपर्यंत तिच्यावर ऊन पडतं. शिवाय तू दिवसातून तीनदा खाऊ टाकतेस. उरलेला खाऊ कुजतो, माशांची विष्ठा साठते. शेवाळाला ऊनही मिळालं आणि खतही. कोणताही मासा आणलास तरी तो ते पुरतं आवरू शकणार नाही."

घासू कॉलेजच्या टाकीत गेला. घरची टाकी भिंतीकडे सरकली. तिच्यातला दिवा रोज आठ तासच जळू लागला. खाऊ कमी झाला. महिन्याभरात एंजलच्या कुशीवर नवा थर आला आणि काचेवर शेवाळाची फक्त पातळ साय उरली. तेव्हा ती दोघं माशांच्या दुकानात गेली.

दुकानदाराने ठिपक्यांचा एक इवलासा मासा दाखवला. "हा घे बेटा. काच चाटूनपुसून साफ करतो."

"मोठा झाल्यावर केवढा होतो? आणि तेव्हा काय खातो?" ऊर्जिताने विचारलं.

दुकानदार ओशाळून हसला आणि त्याने मागच्या टाकीकडे बोट दाखवलं. काळोख्या पाण्यात हातभर लांबीचा एक ठिपकेदार मासा काचेला तोंड लावून स्तब्ध होता. त्याचा बारीक डोळा तिच्यावर रोखलेला होता.

ऊर्जिता दोन पावलं मागे सरली. मग तिने दीड इंचाचे, शेवाळ खाऊन जगणारे सहा ओटो मासे निवडले. ते याहून फारसे वाढत नाहीत, कळपात राहतात आणि एंजलचं कोमट पाणी त्यांना मानवतं, हे तिने आधीच वाचून ठेवलं होतं.

"आणखी काही?" दुकानदाराने विचारलं.

"हो. या मोठ्याला मोठी टाकी कधी देणार?"

आजोबांनी नातीकडे पाहिलं आणि खिशातून कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या नंबराची चिठ्ठी काढून दुकानदारापुढे धरली.