यादीतला पाचवा थांबा

लॅपटॉपवरच्या यादीत निरोपांच्या वाटेवरचे चार थांबे असायला हवे होते; पाच दिसत होते. जास्तीचा पाचवा मधेच, तिसऱ्या जागी घुसला होता; त्याचा पत्ता अश्विनीने कुठल्याच यंत्राला दिलेला नव्हता.

गावातल्या आठ विहिरींमध्ये भूजलतज्ज्ञ म्हणून तिने मोजणीयंत्रं बसवली होती. त्यांची पाणीपातळी सावेडीच्या ऑफिसातल्या वेब सर्व्हरवर रोज दिसायची. आठ दिवस झाले, दिसत नव्हती. म्हणून पाथर्डीच्या पुढच्या या टँकरच्या गावात, ग्रामपंचायतीच्या खोलीत बसून ती सर्व्हरपासून विहिरींपर्यंतचा मार्ग तपासत होती. विहिरींकडून येणारे निरोप त्या परक्या थांब्यापर्यंत पोचत आणि तिथेच जिरून जात.

पातळी कळल्याशिवाय बोअरची जागा सांगायची नाही, हे तिनेच ठरवलं होतं. मंजुरी एकाच बोअरची होती. आधीच्या दोन कोरड्या गेल्या होत्या.

“ताई, बोअरची गाडी दोन दिस उभी हाय,” सरपंच बायडाबाई दारातून म्हणाल्या. “आज जागा न्हाई सांगितली तर जाईल दुसऱ्या गावाला. नारळ घेऊन पाणी दावणाऱ्या पाणाड्याला बी तुमीच माघारी धाडला.”

“थोडं थांबा, बाई.”

तिने त्या पत्त्याला पिंग केलं, ‘आहेस का?’ एवढंच विचारणारा निरोप. नऊ मिलिसेकंदांत उत्तर आलं. तिने केबल उपसली, वायफाय बंद केलं; आता उत्तर यायला वाटच नव्हती. पुन्हा विचारलं.

नऊ.

लॅपटॉप हातावर घेऊन ती बाहेर पडली. ओढ्याकडे वळली तर अकरा. माळाकडे सहा.

“नारळाऐवजी हे घेऊन फिरताय व्हय?” बायडाबाई हसत मागे आल्या.

अश्विनी आकडा बघत चालत राहिली. माळाखाली सलग काळा खडक होता. तिच्याच नकाशावर तिथे ‘पाणी नाही’ असा शेरा होता. भर दुपारी मुरूम चपलेतून भाजत होता. चार. दोन. बाभळीच्या अलीकडे तळवे एकदम गार पडले.

शून्य.

तिने विचारणं थांबवलं. उत्तरं येतच राहिली, संथ, एकसारखी. ती कधीपासून येत असतील, हे मोजायचं साधन तिच्याकडे नव्हतं.

बायडाबाईंनी चपला काढल्या होत्या.

“काय हाय हितं?”

“माहीत नाही.”

तिने लॅपटॉप मिटला. तळव्यांखाली तीच लय चालू होती.

“बोअर इथं घ्या,” ती म्हणाली.